मिरवणूक कोठे अडते?

गावात मोठी मिरवणूक निघावयाची असली की आधी काही दिवस पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. तुमच्या घरातील किंवा आळीतील कोणी त्या बैठकीला जात असेल तर तेथे काय बोलणे झाले ते त्यांना मुद्दाम विचारा. साधारणपणे ते असे असते. मंडळाचे कार्यकर्ते म्हणतात, “साहेब, मार्ग आमचा पूर्वापारचा आहे, तो बदलणार नाही.” बाजारपेठेतील व्यापारी म्हणतात, “अहो, ऐन सणाच्या दिवशी पाच-पाच तास दुकानापुढचा रस्ता बंद! आम्ही गिऱ्हाइकाला कोठून आणावे?” पलीकडच्या वस्तीतील म्हातारेबुवा विचारतात, “मिरवणूक आमच्याकडे कधीच का येत नाही? आम्ही काय गावाबाहेरचे?” एखादे डॉक्टर रुग्णवाहिकेचा प्रश्न काढतात. मग चहा येतो. मार्ग बहुधा तोच राहतो आणि मिरवणुकीच्या रात्री सारे पुन्हा त्याच चौकात अडते.

या वादात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात. एक आहे मानाची आणि भावनेची. ती फूटपट्टीने मोजता येत नाही. दुसरी मात्र रस्त्याची रुंदी, चालण्याचा वेग, थांबण्याची मिनिटे अशी सरळ मोजता येण्याजोगी आहे. गंमत अशी की बैठकीत पहिलीबद्दल सारे बोलतात आणि दुसरी कोणी मोजतच नाही! आपण आज ती मोजून पाहू.

त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील मनमाडचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. येथून एक मार्ग मुंबईकडे जातो, दुसरा भुसावळकडे, तिसरा दौंडकडे आणि चौथा छत्रपती संभाजीनगरकडे. म्हणजे शहराच्या अंगावर रुळांची जाड रेघच ओढलेली आहे. त्यात रामगुळणा आणि पांझण या नद्यांची भर. वर पुणे-इंदूर हा वर्दळीचा महामार्ग शहरातून जातो आणि रुळांवरील पुलावरून पलीकडे उतरतो. या भागात अन्न महामंडळाची मोठी धान्यकोठारे आहेत, जवळच पानेवाडीला तेल कंपन्यांची आगारे आहेत. तेव्हा धान्याचे ट्रक आणि तेलाचे टँकर हे येथे रोजचेच. अशा गावात गणपती, आंबेडकर जयंती, शिवजयंती, ईद असे सण असतात. गुरुद्वाराही आहे. एका शिवजयंतीच्याच काही गावांत दोन मिरवणुका निघतात, एक १९ फेब्रुवारीची आणि दुसरी तिथीची. पण तो वाद निराळा.

आता एक कोरा कागद घ्या. त्यावर मधोमध आडवी रेघ ओढा. हे झाले रूळ. रेघेच्या वरच्या बाजूला कोठेही एक ठिपका द्या. तेथून पेन्सिल न उचलता हवी तशी वळणे घेत, वाटेल तितक्या वेळा रेघ ओलांडत, शेवटी त्याच ठिपक्यावर परत या. आता रेघ किती वेळा ओलांडली ते मोजा. दोन वेळा? चार? सहा? तीन वेळा ओलांडून परत येणे तुम्हांला जमले का? जमणार नाही. एकदा ओलांडली की तुम्ही खाली, दुसऱ्यांदा ओलांडली की पुन्हा वर. घरी परतावयाचे तर ओलांडण्याची संख्या सम असलीच पाहिजे.

या साध्या गोष्टीचा मिरवणुकीशी संबंध आहे. मूर्ती, रथ आणि माणसे घेऊन निघालेली मिरवणूक रुळांपलीकडे जाऊन मूळ जागी परत येणार असेल तर ती पूल एकदा नव्हे, निदान दोनदा अडविते. बैठकीत हिशेब होतो तो जाण्याचा. परतीचा हिशेब कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण तोवर रात्र झालेली असते आणि ज्यांनी परवानगी मागितली ते थकलेले असतात.

गावे, पूल आणि वाटा यांचे हे गणित जुने आहे. इ. स. १७३६ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने क्योनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे सोडविले. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सारे शहर फिरता येईल काय, असे ते कोडे होते. ऑयलरने रस्त्यांची लांबी, घरे, देवळे सारे बाजूला सारले. जमिनीच्या चार तुकड्यांचे चार बिंदू केले आणि पुलांच्या सात रेषा. प्रत्येक बिंदूपाशी किती रेषा मिळतात एवढेच पाहिले. चारही ठिकाणी ती संख्या विषम निघाली, म्हणून अशी फेरी अशक्य! या विचारातून पुढे आलेख सिद्धांत ही गणिताची शाखा वाढली. तीत एक शब्द आहे ‘सेतू’. जी एक रेषा पुसली असता आकृतीचे दोन सुटे तुकडे होतात ती रेषा म्हणजे सेतू. तुमच्या गावाची अशी आकृती काढा आणि सेतू कोठे आहेत ते शोधा. ज्या गावात सेतू आहे तेथे त्याच्यावरून मिरवणूक नेणे म्हणजे काही वेळापुरते गाव दोन करणे होय.

मनमाडला जड वाहनांपुरता याचा अनुभव मिरवणुकीशिवायच आला. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस महामार्गावरील रुळांवरच्या त्या जुन्या पुलाचा एक भाग ढासळला आणि वाहतूक दूरच्या रस्त्यांनी वळवावी लागली. आकृतीत एक रेषा पुसली गेली, एवढेच झाले होते.

रस्ता अर्धा तास बंद राहिला तर किती वेळ जातो? “अर्धा तास,” असे उत्तर तुम्ही द्याल. बैठकीतही हेच सांगतात, “साहेब, अर्ध्या तासाचा तर प्रश्न!” आपण मोजून पाहू. पुढचे आकडे मनमाडचे नव्हेत, हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. समजा, पुलावर एका बाजूने दर मिनिटाला १० वाहने येतात आणि रस्ता मोकळा असेल तर मिनिटाला १५ वाहने जाऊ शकतात. रस्ता ३० मिनिटे बंद राहिला. रांगेत उभी राहिली ३०० वाहने. आता रस्ता उघडला. मिनिटाला १५ सुटतात, पण मागून १० येतच आहेत. म्हणजे रांग मिनिटाला फक्त ५ ने कमी होते. ३०० वाहनांची रांग संपावयास ६० मिनिटे लागली. ३० मिनिटांच्या बंदीने दीड तास खाल्ला!

आता सणाचा दिवस म्हणून वाहने थोडी वाढली, १० ऐवजी १२ येऊ लागली असे धरा. रांग होईल ३६० ची आणि ती मिनिटाला ३ ने कमी होईल. संपावयास १२० मिनिटे. वाहने पाचव्या हिश्शाने वाढली, पण रांग ओसरण्याचा वेळ दुप्पट झाला. रस्ता भरत आला असताना थोडीशी भर फार महाग पडते, ती अशी.

याच उदाहरणाचा आलेख काढा. आडव्या अक्षावर मिनिटे आणि उभ्या अक्षावर रांगेतील वाहने घ्या. एक त्रिकोण मिळेल. पाया ९० आणि उंची ३००. त्याचे क्षेत्रफळ १३,५००. हे क्षेत्रफळ म्हणजे सर्व वाहनांचे मिळून वाया गेलेले एकूण वाहन-मिनिटे. आता मिरवणूक तीन भागांत सोडू. दहा मिनिटे एक भाग, मग वीस मिनिटे रस्ता वाहनांना मोकळा, मग पुढचा भाग. प्रत्येक वेळी १०० वाहनांची रांग होते आणि ती वीस मिनिटांत संपते. तीन छोटे त्रिकोण मिळतात, प्रत्येकाचे क्षेत्रफळ १,५००. तिन्ही मिळून ४,५००. पूल एकूण बंद राहिला तीसच मिनिटे, पण खोळंबा एकतृतीयांश झाला. कारण बंदीची मुदत निम्मी केली की त्रिकोणाची उंचीही निम्मी होते आणि पायाही.

“पण मग मिरवणुकीतील लोकांचे काय?” असे तुम्ही विचाराल, आणि ते बरोबर आहे. तिसाऐवजी सत्तर मिनिटांत ती पुलापार गेली. शेवटच्या भागातील माणसे चाळीस मिनिटे अधिक थांबली. खोळंबा नाहीसा झाला नाही, एकाकडून थोडा दुसऱ्याकडे गेला. ढोल वाजत असतात आणि मुले नाचत असतात, त्यामुळे तो तितका जड वाटत नाही, एवढेच. रुग्णवाहिकेची गोष्ट मात्र वेगळी. तिला सरासरीशी कर्तव्य नाही. तिला जास्तीत जास्त किती थांबावे लागेल हाच प्रश्न, आणि तो आकडा तिसावरून दहावर आला आहे. माझे मत विचाराल तर मी या एका आकड्यासाठी बाकीचे सगळे सोडून देईन.

हे पुलाचे झाले. आता चौकाकडे वळू, कारण मिरवणुका खऱ्या अडतात त्या चौकात.

वीस मंडळे आहेत. प्रत्येकाचा ट्रॅक्टर, आरास, ढोल-ताशा पथक आणि माणसे मिळून लांबी ६० मीटर, आणि दोन मंडळांत २० मीटर अंतर. सारी मिरवणूक झाली सुमारे १,६०० मीटर. ती मिनिटाला १० मीटर चालते. (हा वेग फार कमी वाटतो ना? घड्याळ घेऊन एखाद्या मिरवणुकीबरोबर चालून पाहा.) तेव्हा चौक ओलांडावयास सगळ्यांना मिळून १६० मिनिटे लागतील. पण मुख्य चौकात पाहणारी मंडळी जास्त, म्हणून प्रत्येक मंडळ तेथे केवळ पाच मिनिटे थांबून खेळ करते. पाच मिनिटे ती काय! पण एक थांबले की मागचे एकोणीस थांबतात. मग दुसरे चौकात येऊन थांबते. वीस वेळा पाच, म्हणजे १०० मिनिटे वाढली. एकूण चार तास वीस मिनिटे.

आता याच वीस मंडळांनी असे ठरविले की शिट्टी झाली की सगळ्यांनी आपापल्या जागी एकाच वेळी पाच मिनिटे थांबून खेळ करावयाचा. मिरवणूक किती लांबली? फक्त पाच मिनिटे! खेळ तेवढाच झाला. फरक इतकाच की एकाच चौकाऐवजी तो साऱ्या रस्त्यावर पसरला. मला या हिशेबाचे नेहमी नवल वाटते. अर्थात तो बैठकीत मांडला तर कार्यकर्ते हसतील, कारण मुख्य चौकात, मंडपासमोर, पुढाऱ्यांच्या देखत खेळ करण्याची मजा गल्लीच्या तोंडाशी नाही. येथे मोजता येणारी गोष्ट संपते आणि मान सुरू होतो.

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत हे दोन्ही मोठ्या प्रमाणावर दिसते. निरनिराळ्या पेठांतून आलेली मंडळे बेलबाग चौकाशी येऊन लक्ष्मी रस्त्याच्या एका धारेत शिरतात. अनेक ओहोळ एका नळीत शिरावे तसे हे आहे. नळीतून जेवढे जाईल तेवढेच पुढे जाणार. २०२५ मध्ये ही मिरवणूक तीस तासांहून अधिक चालली. आधी कोणी शिरावे यावरून मतभेद होतात, तेही आजचे नाहीत. १८९४ साली हाच प्रश्न निघाला आणि लोकमान्य टिळकांनी ग्रामदैवत म्हणून कसब्याच्या गणपतीला पहिला आणि तांबड्या जोगेश्वरीला दुसरा मान दिला, असे सांगतात. क्रम ठरला की चौकातील ओढाताण वाचते हे खरे. पण रस्त्याची रुंदी त्याने वाढत नाही.

आता एक प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूड कापून टाका. तोंडावर बोट धरून बाटली उलटी करा आणि तीत ज्वारी भरा. बाहेरून समान अंतरावर चार खुणा करा, सगळ्या बाटलीच्या सरळ भागावर. खाली ताट ठेवून बोट काढा आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंद लागतात ते मित्राला लिहावयास सांगा. मग हेच पाण्याने करा. पाणी जसजसे कमी होते तसतशी धार मंदावते, कारण वरच्या पाण्याचा दाब कमी होतो. ज्वारी मात्र जवळजवळ सारख्याच वेगाने पडत राहते. वर ढीग कितीही असो, खाली तोंड जेवढे तेवढेच दाणे बाहेर येतात. आता ज्वारीऐवजी हरभरे घ्या. थोडे पडतील आणि एकदम थांबतील. आत डोकावून पाहा. तोंडाशी हरभऱ्यांची कमान झालेली दिसेल. वरून दाबले तर ती कमान अधिकच घट्ट बसते.

माणसे म्हणजे हरभरे नव्हेत. ती वळतात, थांबतात, एकमेकांना वाट देतात. पण दाटी फार झाली की ही मुभा त्यांना उरत नाही. सपाट रस्त्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८० माणसे जाऊ शकतात. तीन मीटरच्या बोळातून २४०. बारा हजार माणसे त्या बोळातून जावयास पन्नास मिनिटे लागणारच. मागून कोणी कितीही ढकलले तरी एकोणपन्नास होणार नाहीत. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसे असतील तोवर चालता येते. पाचाच्या वर गेली की पाय टाकणे कठीण होते. सहा-सात झाली की माणूस स्वतः चालत नाही, गर्दी त्याला नेते. मागच्या धक्क्याची लाट पुढे सरकते आणि मागच्यांना ती दिसतही नाही. अशा अपघातांत बरीच माणसे पायदळी सापडून नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडून मरतात.

नाशिककर हे विसरलेले नाहीत. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील शाही स्नानाच्या दिवशी पंचवटीत सरदार चौकाच्या अरुंद भागात असाच प्रसंग ओढवला आणि ३९ जण मरण पावले. मिरवणुकीसाठी भाविकांना अडवून धरले होते. परंपरेने चालत आलेला तो शाही मार्ग होता. पुढच्या, म्हणजे २०१५ च्या सिंहस्थासाठी पर्यायी मार्ग ठरविण्यात आला. साधूंच्या आखाड्यांना जुना मार्ग सोडावयास सांगणे ही सोपी गोष्ट नव्हती. तरी बोलणी झाली. ‘पूर्वापार’ हा शब्द बदलू शकतो. मात्र त्याआधी ३९ माणसे गेली होती.

हक्काचे काय? सार्वजनिक रस्त्यावरून मिरवणूक नेण्याचा हक्क सर्वांना आहे, असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२४ सालीच दिला. त्याच निर्णयात दोन अटीही आहेत: दंडाधिकाऱ्यांचे हुकूम पाळले पाहिजेत आणि इतर लोकांच्या रस्ता वापरण्याच्या हक्काला बाध येता कामा नये. आपल्या राज्यात १९५१ च्या पोलीस अधिनियमाखाली मिरवणुकांचे मार्ग आणि वेळा यांचे नियमन करता येते. म्हणजे रस्ता मंडळाचाही आहे आणि टँकरवाल्याचाही. कायदा येथवर आणून सोडतो. कोणी किती मिनिटे घ्यावीत हे तो सांगत नाही.

तेव्हा पुढच्या मिरवणुकीच्या दिवशी तुम्ही पाच-सहा जणांनी गुरुजींच्या परवानगीने एक काम करा. मार्गावरील सर्वांत अरुंद जागा शोधून ती पावलांनी मोजा. एकाने चौकातील सुरक्षित ओट्यावर बसून प्रत्येक मंडळ किती वाजता आले, किती थांबले, किती वाजता गेले हे लिहावे. दुसऱ्याने मोठ्या रस्त्यावर रांगेत किती वाहने उभी आहेत ते दर पाच मिनिटांनी मोजावे. दवाखान्याकडे जाणारी एक वाट सारा वेळ मोकळी होती का, तेही टिपावे. कोणत्या मंडळाने चूक केली हे लिहू नका. फक्त वेळा लिहा. पुढच्या वर्षीच्या बैठकीत कोणी तो कागद वाचून दाखविला तर “अर्ध्या तासाचा तर प्रश्न” हे वाक्य तेवढ्या सहज निघणार नाही. म्हातारेबुवांच्या प्रश्नाला मात्र त्या कागदात उत्तर सापडणार नाही. मिरवणूक आपल्या दारावरून यावी असे त्यांना वाटते. ती रुळांपलीकडे न्यावी तर पूल दोनदा अडतो. एखाद्या वर्षी ती त्यांच्याच बाजूने निघावी आणि तिकडेच संपावी, असे ठरविणारे गाव मिळाले तर दोन्ही साधेल.

कधी कधी तर पंचांगच मिरवणुका एकमेकींसमोर आणून उभ्या करते. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी होती आणि त्याच दिवशी ईद-ए-मिलाद. असे का व्हावे? दोन्ही सण चंद्रावर चालतात. भाद्रपदाची सुरुवात अमावास्येनंतर होते. रबीउल अव्वल महिना चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे एखादा दिवस उशिरा लागतो. त्यामुळे भाद्रपदाची चतुर्दशी आणि रबीउल अव्वलची १२ तारीख शेजारी शेजारी येतात, पण दोन्ही महिने एकाच वेळी चालू असतील तरच. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. हिजरी वर्ष हा फरक भरून काढीत नाही. आपले पंचांग सुमारे तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरून तो भरून काढते. म्हणून दोन सण दोन-तीन वर्षे जवळ राहतात आणि मग अधिक मास आला की महिनाभर दूर जातात. १९९१ आणि १९९२ मध्ये ते असेच लागून आले होते. नंतर २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये आले.

२०२३ मध्ये मुंबईत आणि राज्यातील बऱ्याच गावी मुस्लिम बांधवांनी आपला जुलूस एक दिवस पुढे नेला आणि शासनाने सुट्टीही २९ तारखेला दिली. २०२४ मध्ये मुंबईत सुट्टी १६ ऐवजी १८ सप्टेंबरला झाली आणि २०२५ मध्ये ५ ऐवजी ८ सप्टेंबरला. येथे मार्ग बदलला नाही, दिवस बदलला. आणि सेतू एका वेळी एकाच मिरवणुकीला मिळाला.

२०२६ साली अधिक ज्येष्ठ येतो आणि हे दोन सण पुन्हा महिनाभर लांब जातात. तेहतीस चांद्र वर्षे म्हणजे जवळजवळ बत्तीस सौर वर्षे. तेव्हा पुढची गाठ २०५५ च्या आसपास पडावयाची. आज नववी-दहावीत असलेल्या तुम्हां मुलांनी तोवर चाळिशी ओलांडलेली असेल, आणि शांतता समितीच्या बैठकीला तुम्हीच बसलेले असाल.